मेलेलं जहाज फाडायचं

आमच्या खेळातला सगळ्यात कडक नियम तिने घातला होता, मी नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर लोक मलाच विचारतात की असला कसाईपणा कशाला करायचा.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत खोक्यांच्या कारखान्यात आहे. साबणाचं, औषधाचं, मिठाईचं खोकं छापायला जाण्याआधी त्याचा पहिला नमुना हाताने कापून, घड्या मारून उभा करायचा, हे माझं काम. कापून उरलेला पुठ्ठा कोणी विचारत नाही. एका बाजूने पांढरा, पाठीमागून राखाडी. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यातून मी एक अंतराळयान केलं. डिंकाचा थेंब नाही, नुसत्या घड्या आणि खाचा. कॉलेजपासूनच्या मैत्रिणीला त्याचा फोटो पाठवला. ती उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहते, घरच्या झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानात बसते. तिचं उत्तर आलं, "एकटं काय करेल बिचारं? दुश्मन बनव ना."

मी दुश्मनही बनवला. मग त्याला सोबती, मग माझ्या बाजूला आणखी. रविवारी ती बदलापूरला माझ्या शिरगावच्या घरी यायची आणि जेवणाच्या टेबलावर काळा चार्टपेपर पसरून आम्ही लढायचो. आपलं जहाज कुठे जाणार ते दोघींनी गुपचूप चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या एकदम उघडायच्या, पट्टीने मोजून जहाजं सरकवायची आणि टप्प्यात आलेल्यावर फासे टाकायचे. दोन्ही बाजूंची जहाजं मीच कापायचे. तिची ती स्केचपेनने रंगवायला घरी न्यायची आणि पुढच्या खेपेला नटवून आणायची.

सुरुवातीला खेळ मिळमिळीत होता. मेलेलं जहाज बाजूला ठेवायचं, पुढच्या रविवारी ते पुन्हा हजर. तीच एकदा वैतागून म्हणाली, "हे काय यार, इथे मरायची भीतीच नाही कोणाला. मेलेलं जहाज फाडायचं. ज्याचं त्याने, आपल्या हाताने."

मी आधी नाही म्हटलं. एकेक जहाज करायला माझी संध्याकाळ जायची. पण ती म्हणाली ते खरं होतं, आणि खेळ बनवणाऱ्या माणसाला खरं बोललेलं ऐकावंच लागतं. नियम झाला.

त्यानंतर खेळाला जीव आला. चिठ्ठी मी दोनदा खोडून लिहायचे. मी जहाजं मागे ठेवायचे, कोपऱ्यात दडवायचे. ती मात्र बेधडक. समोरून सरळ घुसायची, आपलं एक जाऊ दे पण माझं एक न्यायचं, अशी. गेलं की बारीक तुकडे करून मोकळी. वर म्हणायची, "गेलं तर गेलं, रडत बसायचं नाही." ते तुकडे मी कधी हातात घेतले नाहीत. माझ्याच हाताचं काम, मला बघवायचं नाही. पण तिच्या छातीचं मला कौतुक वाटायचं. नुसतं कौतुक नाही, मी त्यावर नियम बांधत गेले. तिला धडक द्यायला आवडते म्हणून धडकेचा नियम केला, की एक जहाज जाणार की दोन्ही, ते फासा ठरवेल. माझ्यासारख्या भित्र्यांसाठी माघारीचा केला, की जहाज टेबलाच्या कडेबाहेर गेलं तर ते वाचलं. कारखान्यात सगळ्यांना सांगायचे, खेळावं तर तिच्यासारखं.

दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्यासाठी एक मोठं जहाज केलं. आठ बाजूंचं, सुईने टोचलेल्या खिडक्यांचं. आत मोबाइलचा टॉर्च धरला की खिडक्या उजळायच्या. तिने ते दुसऱ्याच रविवारी धडक देऊन मारलं, तिचंही त्यात गेलं. तिने आपलं फाडलं. माझ्या हातून फाटेना. ती उठून माझ्या मागे आली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "नियम म्हणजे नियम, बाई." मग मी फाडलं. पुढचे दोन दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही.

पुढे उन्हाळ्यात तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. भेटायला जायलाच हवं होतं. फोन केला तर ती दुकानात होती, म्हणाली, "थांब ना, मी येते मग जाऊ." पण मी तोवर कॅम्प चारला पोहोचले होते, सरळ वर गेले. काळा चष्मा लावून मावशी पलंगावर बसल्या होत्या. डोळ्याची चौकशी झाली, पाणी झालं. मग त्या म्हणाल्या, "तुझी विमानं बघितलीस का? कोणाला हात लावू देत नाही ती. धूळसुद्धा स्वतः पुसते."

हॉलमध्ये काचेचं शोकेस होतं. वरच्या कप्प्यात बुद्धमूर्ती, खालच्या दोन कप्प्यांत माझी जहाजं. तिच्या बाजूची सगळी. जी माझ्या टेबलावर मेली, ज्यांचे तुकडे तिने केराच्या डब्यात टाकले, ती सगळी रांगेने, चकचकीत. दिवाळीच्या जहाजाला धडक देणारंही त्यात होतं. मला आधी कळेचना काय बघतेय ते. एक उचललं, खाच सोडवून आत बघितलं. आतून राखाडी. माझाच पुठ्ठा.

ती धापा टाकत जिना चढून आली, तेव्हा ते माझ्या हातात होतं. तिने एकदा आईकडे बघितलं आणि चपला काढता काढताच सगळं सांगून टाकलं. नियम बोलून गेली, पण रंगवायला घेतल्यावर फाडायची कल्पना सहन होईना. माझी जहाजं उलगडून सपाट होतात. दुकानातल्या मशीनवर ठेवून तिने जाड कागदावर रंगीत कॉपी काढल्या, कापल्या, घड्या मारल्या. टेबलावर यायच्या त्या कॉपी. पहिल्या दिवसापासून.

"मग सांगायचंस ना. नियम काढून टाकला असता."

"म्हणून तर नाही सांगितलं," ती म्हणाली. "नियम गेला असता तर तू एवढी जीव लावून खेळली असतीस का? तुझा चेहरा बघितलाय कधी चिठ्ठी उघडताना? मला त्यातच मजा यायची. चीटिंग नव्हती गं, फासे तर खरेच टाकायचे मी."

हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं, आणि तेच मला जास्त लागलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पाठीवरून फिरवलेला तो हात आठवला आणि अंगाची लाही लाही झाली. ती शूर नव्हतीच. तिचं काही जातच नव्हतं. आणि मी तिच्या त्या फुकटच्या शौर्यावर आख्खा खेळ बेतत बसले होते. मावशी विचारत होत्या, "काय झालं गं पोरींनो?" "काही नाही," मी म्हटलं. तिला खाली जिन्यापाशी एवढंच सांगितलं, "रविवारी ये. ही घेऊन ये."

ती आली. मिठाईच्या खोक्यात खरी जहाजं घेऊन. चार्टपेपर पसरला. गप्पा नाहीत, चहा नाही. पहिल्या चिठ्ठ्या उघडल्या. तिने सगळी जहाजं मागे घेतली होती. दुसऱ्या चिठ्ठीतही मागे. एकेक जहाज माघारीच्या नियमाने कडेबाहेर काढायची आणि दोन्ही हातांनी उचलून खोक्यात ठेवायची. मला दया आली नाही. मी पाठलाग केला. शेवटचं एक कडेपासून बोटभर आत राहिलं, तेवढ्यात मी धडक लिहिली आणि फासा माझा पडला.

तिने ते उचललं, पुन्हा खाली ठेवलं. मग माझ्याकडे सरकवलं.

"मला नाही जमणार. तूच फाड."

मी फाडलं. आडवं, मग उभं. फाटल्यावर कडांना राखाडी लव सुटली, तशी या पुठ्ठ्याला नेहमी सुटते. ती रडत होती आणि ते रडणं तिच्या शौर्यासारखं खोटं नव्हतं, एवढं मलाही दिसत होतं.

"झालं समाधान?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. तुकडे माझ्या हातात होते. एका तुकड्यावर मी पेन्सिलने मारलेली घडीची रेघ तशीच होती. आजवर त्या टेबलावर खरं जे काही फाटलं ते माझंच होतं, आणि आताही फाटलं ते मीच केलेलं.