यात तू कुठे आहेस?

नोटाबंदीच्या वर्षी डहाणूच्या आमच्या कॉलेजात डिझाइनचा कोर्स सुरू झाला आणि तो शिकवायला मुंबईहून एक सर आले. स्टाफरूममध्ये त्यांचं टेबल माझ्या टेबलाशेजारीच होतं. एक डोळा मिटून, हात लांब करून ते पेन्सिलीने जगाचं माप घेत. माझ्या डब्यातल्या चिकूचं घेत, प्राचार्यांचंही घेत. चित्र काढताना मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही.

पहिल्या सत्रात मुलांनी बसायला काहीतरी बनवायचं होतं. बहुतेकांनी पुठ्ठ्याच्या खुर्च्या केल्या. त्यांवर कोणी बसायचं नाही, नुसतं बघायचं आणि सरांनी "इंटरेस्टिंग!" म्हणायचं. तलासरीकडच्या एका मुलीने बांबूचं स्टूल करून आणलं. सरांनी पेन्सिल रोखली.

"हे तर तुमच्याकडे घरोघरी असतं. यात तू कुठे आहेस?" असं म्हणून त्यांनी तिला नापास केलं.

पुढच्या आठवड्यात डिझाइनच्या इतिहासाचा तास होता. पडद्यावर जपानमधलं बांबूचं स्टूल आलं. "काय ही परंपरा!" म्हणत सरांनी पडद्याला हात जोडले. मी दारातून पाहत होतो. सर त्या मुलीच्याच स्टुलावर बसले होते. कंबरेला बरं पडतं म्हणे.

तास संपल्यावर मुलगी पुढे आली. "सर, स्टूल घरी नेऊ का? थोडं बदलून परत जमा करते."

"नवीन कर," सर म्हणाले, "आणि त्यात तू दिसली पाहिजेस."

उठले मात्र नाहीत.