निळी टिक म्हणजे हजर

शाळा बंद होत्या त्या हिवाळ्यात मी धारूरहून चौथीला मोबाईलवर शिकवायचो. धडा माझ्या आवाजात रेकॉर्ड करून एकेकाला पाठवायचो. टिक निळी झाली तर हजर, नाहीतर गैरहजर, अशी ताकीदच दिली होती मी. आईबापासोबत ऊसतोडीला गेलेली एक मुलगी रोज सगळ्यांच्या आधी हजर असायची, पण तिचा गृहपाठ कधीच येईना. शेवटी चिडून फोन लावला.

बाप म्हणाला, "गुरुजी, फोन माझ्यापाशी फडात असतो. पोरगी तिकडं पाचटाच्या कोपीत राहून धाकट्याला सांभाळती. तिची गैरहजेरी लागू नये म्हणून मीच उघडतो."

दुसऱ्या दिवशी धडा पाठवला. टिक लगेच निळी झाली. मी हजर लिहिलं.