रुसायला शिकवणारी मावशी

आमची मावशी साडीवर सेफ्टी शूज घालायची. नवऱ्याचे, मरोळच्या कारखान्यातले, पुढे लोखंडी टोपी असलेले. पहिल्यांदा बघून मी फिस्सकन हसले, तर म्हणाली, "हसतंस कित्या? तुमी पोरां चाकां घालतास माझ्या पायार, म्हणान घातलंय."

ती अंधेरीच्या आमच्या केंद्रात आया होती. पाय न चालणाऱ्या मुलांना बॅटरीवरची व्हीलचेअर शिकवायला तिथे शिकलेल्या मॅडम होत्या, पण खुर्चीवर हात बसला तो मावशीमुळे. हात पाठीमागे बांधून ती समोर उभी राहायची आणि उलटी उलटी चालत जायची. आपण जॉयस्टिक ढकलत तिच्याकडे जायचं. खुर्ची भिंतीवर गेली तरी तिचे हात सुटायचे नाहीत. "धडकांदे. भिंत खंय पळान जाता?" त्या भिंतीची पार वाट लागली होती. मॅडम कपाळाला हात लावायच्या.

मी आठ वर्षांची होते. तोवर मला कोणीतरी उचलून ठेवायचं आणि ठेवलं तिथे मी असायचे. एकदा मावशीने विचारलं, "तुका खंय जावचां आसा?" हे मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. खरं सांगते, तिचा रागच आला.

घोडं अडलं होतं माझ्या आईपाशी. नीट चालवता आली की केंद्र खुर्ची घरी देणार होतं, पण आईची सही लागत होती, आणि आई सही करेना. "पडली-बिडली तर? मी आहे ना उचलायला." दुखऱ्या कंबरेला पट्टा बांधून ती मला दिंडोशीहून कडेवर आणायची. मावशी तिला समजवायला कधी गेली नाही. "बसा वैनी, चाय घेवा," एवढंच.

एक दिवस आईने माझ्यादेखत मॅडमना सांगून टाकलं, पुढच्या महिन्यापासून आम्ही येणार नाही. माझं डोकंच फिरलं. मी खुर्ची वळवली आणि निघाले. हॉलच्या बाहेर, पॅसेजमधून थेट टोकापर्यंत, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. धाकटा भाऊ रोज असा फणकाऱ्याने निघून जायचा. मी मात्र तोवर रुसले ती आईच्याच मांडीवर बसून.

मागून आईची चप्पल वाजली आणि पाठोपाठ मावशीचा आवाज आला. "मागे जाव नकात, वैनी. येतली ती."

भूक लागल्यावर मी परत आले. आई रडत होती, पण सही झाली होती.

खुर्ची घरी आली, तरी शनिवारी मी आईबरोबर केंद्रात जायचेच. दोनेक वर्षांनी अशाच एका शनिवारी मावशीने सांगितलं, नवरा रिटायर झाला, खोली सोडली, आजच गावी निघतोय. आधी एका शब्दाने बोलली नव्हती. मला इतकं लागलं की मी तशीच वळले आणि कंपाउंडच्या पार मागे जाऊन बसले. वाटलं, येईल मनवायला. कोणीच आलं नाही. शेवटी मीच गेटपाशी आले, तर रिक्षा निघून गेली होती.

आई म्हणाली, बराच वेळ दारात थांबली होती गं. मी हाक मारते म्हटलं, तर नको म्हणाली. "तिका येवचां नसात तर रवांदे."

गावाला गेल्यावर वर्षभरातच ती वारली. मला यायचं होतं, मावशी.