मोंढ्यातले एकवीस सेकंद

आज सकाळी मी हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हमालांचे फोटो काढत होते. ट्रकमध्ये हळद भरण्याची पाळी कोणाची, यावरून दोघांची जुंपली.

"काका, घरी बसा आता. पोतं उचलंना तुमाला," तरुण हमाल म्हणाला.

"पाळी माझी हाय. सरक."

इथे भांडण पेटलं की हमाल हातातला लोखंडी आकडा आधी पोत्यात रोवतात, कोणाला लागू नये म्हणून. काकांनीही रोवला. तरुणाने त्यांना ढकललं, पण तोल त्याचाच गेला आणि पोत्यातून बाहेर आलेल्या आकड्याच्या टोकावर त्याचा दंड फाटला.

किंकाळी ऐकून लोक वळले. त्यांना रक्त दिसलं आणि दंडातून आकडा सोडवणारे काका दिसले.

"म्हाताऱ्यानं आकडा मारला!"

काकांना खाली पाडून लाथा सुरू झाल्या. त्यांनी माझ्याकडे हात केला. "बाई, तुमी फोटू काढलाय. दाखवा की यांना!"

मी गर्दीत घुसून कॅमेऱ्याची स्क्रीन दाखवली: आकडा पोत्यात रोवलेला आणि काकांना ढकलणारा तरुण. लाथा थांबल्या. तोवर काकांचे दोन दात पडले होते. मारणाऱ्यांपैकीच एकाने मला विचारलं, "मग आधी काहून दाखवला न्हाई?"

घरी येऊन वेळा तपासल्या. माझ्या कॅमेऱ्यात सेकंदासकट नोंद होते. काकांनी हात केला तो फोटो आणि माझा शेवटचा फोटो यांत एकवीस सेकंद आहेत. तेवढ्यात मी आणखी नऊ फोटो काढले. नऊही नीट फोकसमध्ये आहेत.

रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांनो, तुम्ही कॅमेरा खाली कधी घेता?