बजाबाईची घोडी

बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याकडची बजाबाई सोलापुरात आली आणि एका शाळेत पाणी भरायच्या कामाला लागली. नवरा कोंडीबा मेंढरं घेऊन माळावरच राहिला. त्याच्यासोबत दोन कुत्री आणि मोरी नावाची घोडी. तळ हलवायचा म्हटलं की भांडीकुंडी, अंथरुणं, नुकती जन्मलेली कोकरं, सगळा संसार मोरीच्या पाठीवर.

एका दुपारी बजाबाई व्हरांड्यातला रांजण भरत होती. आत सुंदरम्मा बाई भूगोल शिकवत होत्या. दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचायला निघालेल्या गोऱ्या लोकांच्या दोन टोळ्यांची गोष्ट चालली होती. ओझी ओढायला त्यांनी तट्टं आणि कुत्री नेली होती.

“घोड्याला घाम येतो,” बाई सांगत होत्या. “तो अंगावरच गोठायचा. पाय पोटापर्यंत बर्फात रुतायचे. तिथं गवताची काडी उगवत नाही, चारा जहाजातून नेलेला. तो संपत आला की घोड्यांना गोळी घालायची. मांस माणसांनी खायचं आणि कुत्र्यांनीही.”

बजाबाईच्या हातातली घागर तशीच राहिली. तास संपल्यावर ती बाईंपुढं जाऊन उभी राहिली.

“बाई, एकबी घोडं माघारी आलं न्हाय?”

“ध्रुवाकडं गेलेल्यांतलं एकही नाही.”

“आन् कुत्री?”

“दुसऱ्या टोळीची थोडी आली. बाकीची मारून उरलेल्यांना खायला घातली.”

“त्यांच्याच जातीच्यास्नी?”

“हो,” बाई म्हणाल्या.

माळावरचा चारा संपल्याचा कोंडीबाचा सांगावा आधीच आला होता. तेव्हा बजाबाईला फारसं काही वाटलं नव्हतं. आता मोरीच डोळ्यांपुढं आली. दुसऱ्या दिवशी तिनं एस.टी. धरली.

तळाजवळ पोचली तर वर गिधाडं घिरट्या घालत होती. कुत्री धावत सामोरी आली. त्यांच्या तोंडाला रक्त होतं.

“अवं, मोरी कुटं हाय?” ती लांबूनच ओरडली.

कोंडीबानं बोरीच्या झुडपाकडं बोट केलं. मोरी उभी होती, नुसता सापळा. कुत्र्यांनी फाडली होती ती मेलेली मेंढी. बजाबाईला हायसं वाटलं, तेवढ्यात कोंडीबाच्या बाजूला कुऱ्हाड दिसली. नुकती धार लावलेली.

“ती काय जगत न्हाय,” कोंडीबा खाली बघत म्हणाला. “ही मेंढी किती दिस पुरंल? मोरीचं मांस न्हाय घातलं आन् कुत्री उपाशी मेली तर लांडगं एक मेंढरू ठेवतील का? सकाळधरनं बसलोय. हातच उचलत न्हाय.”

“मी नेते तिला सोलापूरला.”

“वाटंत पडली म्हंजी? तू एकटी काय करशील?”

बजाबाईनं मोरीचा दोर सोडला आणि चालू लागली.

मंगळवेढ्याच्या अलीकडं उन्हं कलली. मागं काहीतरी आहे असं वाटून तिनं वळून पाहिलं. लांडगा होता. ती थांबली की तो थांबे, चालली की चाले. दोर टाकून दिला तर तो आपल्याकडं बघणारसुद्धा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं दोर मनगटाला गुंडाळला.

थोडं पुढं मोरीचे गुडघे मोडले. ती बसली ती उठेना. लांडगा जवळ सरकला, इतका की त्याची लोंबती जीभ दिसली. बजाबाई हाताला येईल तो दगड फेकत, मोरीच्या मानेवर आडवी होऊन किंचाळत सुटली.

तिला वाचवलं पाण्याच्या टँकरनं. हॉर्न वाजवत तो आला तसा लांडगा ओढ्यात पसार झाला. ड्रायव्हर सोमलिंग खाली उतरला.

“अव्वा, जीव नको झालाय का तुला?”

सोमलिंगनं बादलीभर पाणी मोरीपुढं ठेवलं. ते पिऊन झाल्यावर दोघांनी रेटून तिला उठवलं. मंगळवेढं येईपर्यंत टँकर त्यांच्या मागोमाग बैलगाडीच्या चालीनं चालला.

मुक्काम करत करत ती सोलापूरला पोचली. टांगेवाल्या बसप्पानं आपल्या घोड्याच्या चाऱ्यातला वाटा मोरीला दिला, त्यावर ती तगली.

पुढच्या पावसाळ्यात कोंडीबा दोघींना न्यायला आला. कुत्रं एकच सोबत होतं. दुसरं लांडग्यांनी मारलं होतं. मोरीजवळ जायला तो धजेना. शेवटी पुढं झाला आणि त्यानं हात वर केला. बजाबाई मधे पडायला धावली. तो मोरीच्या डोळ्यावरची माशी उडवत होता.