बापाचं डोमिसाइल

आमच्या कॉलनीत कुणाचं पोर बारावी पास झालं आणि त्याची आई पेढ्यांचा बॉक्स घेऊन नाना साळुंक्यांच्या दारात गेली, तर नाना पेढ्याला हात लावायचे नाहीत. अभिनंदनही करायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारायचे, "डोमिसाइल काढलं का?" समोरची बाई गोंधळून नाही म्हणाली, की बॉक्सचं झाकण नीट लावून तिच्याच हातात परत द्यायचे. "पेढा मागून. आधी डोमिसाइल."

माझ्या भाच्याचा बॉक्स घेऊन मीही अशीच परत आलेली आहे. तेव्हा मला भयंकर राग आला होता. एवढ्या हौसेनं चितळ्यांसारखे पेढे घरी केले आणि हा माणूस सेतू कार्यालयाचा पत्ता सांगतो! पण आठ-पंधरा दिवसांनी त्याच दाखल्यावाचून अडलेल्या लोकांची रांग पाहिली आणि राग गिळला. रहिवासाचा तो दाखला भाच्याच्या फायलीत होता. मग नानांनी पेढे खाल्ले, तेही दोन-तीन एकदम, आणि म्हणाले, "वहिनी, वेलची जरा कमी पडली."

नाना वाळूजच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. मूळचे वेरूळच्या पलीकडच्या खेड्यातले. छावणीच्या मागे आमच्या कॉलनीत त्यांनी घर बांधलं, तेव्हापासून आमची एकच भिंत. शिफ्टच्या बसमधून उतरले, की जून-जुलैत त्यांना गणवेश बदलायलाही फुरसत नसायची. पायरीवर कुणीतरी लेकराला घेऊन बसलेलंच असायचं. कोणत्या कॉलेजात गेल्या वर्षी कितीवर यादी थांबली, कोणत्या फेरीत जागा घ्यायची आणि कोणत्या फेरीत सोडायची, हे नानांना तोंडपाठ. "पहिल्याच राउंडला फ्रीझ करायचं नाय. लगीन हाय का ते, पहिलंच स्थळ पाहून हो म्हनायला?" असं ते म्हणायचे आणि आया पदरात तोंड लपवून हसायच्या. या कामाचा त्यांनी कधी चहासुद्धा घेतला नाही, कारण चहा त्यांच्याच घरचा असायचा. त्यांच्या बायकोला, सुमनताईंना, जून महिना आला की धडकी भरायची.

हे सगळं ज्ञान आलं ते थोरल्यामुळे, अमोलमुळे. अमोलला अकरावी-बारावीला तिथल्या कोचिंगसाठी हैदराबादला ठेवलं होतं. परत आल्यावर त्याला पुण्यात इंजिनिअरिंगला सरकारी कॉलेज मिळालं, तेव्हा अर्ज तपासणाऱ्यानं विचारलं होतं, बारावी तर बाहेरची, मग राज्याच्या जागेवर कसा? नानांनी खिशातून स्वतःचा रहिवासी दाखला काढून टेबलावर ठेवला. वडील महाराष्ट्राचे असले की चालतं, असा नियम निघाला आणि पोराचं काम झालं. तो दिवस नाना पुढं कितीतरी वर्षं सांगत राहिले. "लेकरू कुठंबी शिको. बापाचं डोमिसाइल इथलं पायजे, बास." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की त्यातल्या 'बास'ला टेबलावर पडणारी त्यांची थापसुद्धा मला ऐकू येते.

वैष्णवी, म्हणजे वैशू, अमोलच्या मागची. माझी रिचा आणि ती एका वर्गात, एका बाकावर. खरं सांगायचं तर रिचा कष्टाळू आणि वैशू हुशार. दोघींनाही डॉक्टर व्हायचं होतं. दहावीनंतर नाना आमच्याकडे आले आणि खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "वहिनी, दोघींना हैदराबादला धाडू. जोडीनं राहतील, तुम्हाला बी फिकर नाय." रिचा आमच्या तोंडाकडे बघत होती. आमच्या ह्यांचं स्टेशनरीचं दुकान. दोन वर्षं बाहेर ठेवणं आम्हाला झेपणारं नव्हतं, ते ह्यांनी सरळ सांगितलं. नाना फार हळहळले. जाताना दारात मला म्हणाले, "इथं राहून मेडिकल लई अवघड हाय, वहिनी. पण बघू. मी हाय." रिचा त्या दिवशी जेवली नाही. वैशू गेली तेव्हा ती बसस्थानकावरही गेली नाही.

दोन वर्षांनी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. वैशूला रिचापेक्षा कितीतरी जास्त मार्क. इतके, की आपल्या शहरातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात ती हसत हसत जाईल, असं सगळे म्हणाले. या वेळी नानांनी दाखल्याचं विचारलं नाही. स्वतःच कॉलनीभर पेढे वाटले. कंपनीतही नेले.

कागदपत्रं तपासायला आम्ही चौघं बरोबरच गेलो. रिचाची फाइल पुढं सरकली. वैशूची तिथल्या बाईंनी उघडली, दोन पानं उलटली आणि विचारलं, "बारावी तेलंगणाची?"

"व्हय. पन बापाचं डोमिसाइल हाय ना," नाना म्हणाले आणि पाठीमागे बघून मला हसले. घाबरू नका, असं.

"ते इंजिनिअरिंगला. मेडिकलला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. हिला राज्याची जागा मिळणार नाही."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी नियमाचं पुस्तक फिरवून नानांसमोर ठेवलं, ओळीवर बोट ठेवलं. नाना वाचत राहिले. एवढीशी ओळ, पण त्यांचं वाचून संपेना. मागचे लोक कुरकुर करायला लागले. "अमोलला चाललं की," एवढंच ते एकदा म्हणाले, लहान मुलासारखं. वैशूनं त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं. तेलंगणातही तिला बाहेरचीच धरणार होते, कारण तिकडं ती दोनच वर्षं होती. देशभराच्या मोजक्या जागांपर्यंत मार्क पोचत नव्हते. ज्या मार्कांवर आपल्या राज्यात तिला कोणीही आनंदानं घेतलं असतं, ते मार्क घेऊन ती कुठल्याच राज्याची नव्हती.

बारावीला कुठं ठेवायचं, हे शेकडो लोकांनी नानांना विचारलं असेल. नाना प्रत्येकाला वर्तमानपत्रात बघ, माहितीपुस्तक वाच, असं बजावायचे. घरच्या लेकीच्या वेळी पुस्तक उघडायची त्यांना गरज वाटली नाही, कारण उत्तर माहीत होतं. अमोलच्या यशानंच त्यांना फसवलं, असं मला वाटतं. तो तेव्हा अडला असता, तर वैशू वाचली असती.

त्यानंतर जे झालं ते मी कुणाला सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. रिचाच्या कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची मुदत संपत आली होती. नानांना विचारायची आमची हिंमत नव्हती. आम्ही नवरा-बायको आपापसांत गोंधळ घालत बसलो होतो, तर नाना आपणहून आले. दाढी वाढलेली. बसले, चष्मा लावला आणि म्हणाले, "सरका. असं नाय भरत." एकेक कॉलेज त्यांनी नीट खालीवर लावलं. आपल्या शहरातलं कॉलेज सगळ्यात वर ठेवताना त्यांचा हात क्षणभर थांबला. मी चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. रिचाला ते कॉलेज मिळालं. वैशूपेक्षा खूप कमी मार्कांत. आम्ही घरात आनंदसुद्धा हळू आवाजात केला, कारण भिंत एकच.

मग नानांनी कर्नाटकातलं एक खासगी कॉलेज शोधून काढलं. तिथं पैसे मोजले की कोणत्याही राज्याचं लेकरू चालत होतं. ते वैशूला घेऊन बघून आले. परत आल्यावर गावाकडच्या जमिनीला गिऱ्हाईक बघायला लागले, नोकरी सोडून साठलेला फंड काढायचंही बोलायला लागले. दुसरी वाट म्हणजे इथंच, शहरातल्या कॉलेजात बी.एस्सी. तिथली फी सुमनताईंच्या भिशीतून भागली असती. घर आठवडाभर या दोन वाटांवर अडकून पडलं होतं. सुमनताईंनी एके दिवशी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तुमचं ऐकत्यात, समजावा."

मी गेले, पण समजावण्याची वेळच आली नाही. नाना वैशूला सांगत होते, "जमीन काय करायची उरावर घेऊन? चूक माझी हाय. तू कामून भोगायलीस?"

वैशू भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "नाना, तुमची चूक फिटावी म्हणून मला डॉक्टर करू नका. दादाचं लग्न व्हायचंय, आईचं दुखणं आहे. आणि तिथं पाच वर्षं मला रोज तुमची जमीन दिसंल. मी नाय शिकू शकणार तसं."

"मंग काय करतीस?"

"बी.एस्सी. करते. सोबत परत परीक्षा देते. देशाच्या यादीत बसले तर बसले."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी वैशूशेजारी बसून भाजी निवडायला घेतली. दोघांपैकी कुणाचंच चुकत नव्हतं आणि दोघांचंही ऐकवत नव्हतं.

वैशूनं परीक्षा परत दिली. मार्क कमी झाले. पुढच्या वर्षी दिली, आणखी कमी झाले. मग तिनं पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. नाना त्यानंतर लोकांसमोर आले ते नाही म्हणायलाच. जून लागला, पायरीवर माणसं बसायला लागली, तर नाना आतूनच सुमनताईंकरवी निरोप द्यायचे, बरं नाही म्हणून. एक बाप फारच गयावया करायला लागला तेव्हा बाहेर आले. त्याचा मुलगा हातात निकाल घेऊन उभा होता. नाना म्हणाले, "मला नका इचारू, दादा. मला काय बी मालूम नाय." हे बोलताना आवाजात राग नव्हता. खरंच कळत नसल्यासारखे ते बोलले आणि मला ते जास्त लागलं. सात-आठ वर्षं या माणसानं आमच्या कॉलनीला वाट दाखवली होती. त्याला आता दाराबाहेरची पायरीही नकोशी झाली होती.

वाळूजहून येताना बसमध्येच त्यांच्या छातीत कळ आली. सोबतच्या कामगारांनी त्यांना तसंच सरकारी दवाखान्यात नेलं. आधी वॉर्डात होते. रिचा तेव्हा तिसऱ्या वर्षाला, कॉलेज तिथंच. तास संपला की धावत यायची. पहिल्या दिवशी ती खाटेशी आली, तेव्हा नानांनी तिला खुणेनं जवळ बोलावलं आणि कसंबसं म्हणाले, "एप्रन काढून येत जा गं, माय. वैशू बसलीय." रिचानं तिथंच एप्रन काढला, घडी करून पिशवीत कोंबला. वैशूनं ऐकलं होतं. ती सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिली.

पुढं त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं. त्या दुपारी आम्ही सगळे बाहेरच्या बाकावर होतो. अमोल पुण्याहून निघाला होता, पोचायचा होता. आतून एक सिस्टर घाईनं आली, परत गेली. मग दार उघडेना. सुमनताई दाराला हात लावून उभ्या होत्या. वैशूनं रखवालदाराला विनवलं, हात जोडले. तो म्हणाला, "भेटायची वेळ नाय. स्टाफशिवाय कुणाला सोडत नसतो, बाई. मलाच बोलनी बसतात."

वैशू परत आली आणि रिचासमोर उभी राहिली. तिचा चेहरा कोरडा होता.

"एप्रन घाल," ती म्हणाली.

रिचा रडायला लागली. "मी नाही. त्यांनी सांगितलंय..."

"घाल, रिचा. तुला आत सोडतील." वैशूनं स्वतःच पिशवीतून एप्रन काढला, झटकला आणि रिचाचे हात बाह्यांत घातले. वरचं बटण लावलं. "जा. त्यांचा हात धर. मी आलेय म्हणून सांग."