मावसाजींची बेटं

समुद्रकाठी जन्मलेल्या कुणी बेटांवर केलं नसेल इतकं प्रेम माझ्या मावसाजींनी दिग्रसमध्ये बसून केलं. दिग्रसला समुद्राचं म्हणून जे काही पोचायचं ते किराणा दुकानातल्या खड्या मिठाच्या पोत्यातून. मावसाजींनी समुद्र पाहिला नव्हता. पोहता येणं दूरच, गावाबाहेरच्या नदीत ते घोट्याच्या वर कधी उतरले नाहीत, आणि आंघोळीला डोक्यावर पहिला तांब्या ओतायच्या आधी डोळे गच्च मिटून असा श्वास घेत की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस आता संध्याकाळीच वर येणार. पण कुठल्या समुद्रात कुठलं बेट आहे, तिथं पहिला माणूस कसा पोचला आणि परत का गेला नाही, हे मात्र त्यांना विचारावं. न विचारताही ते सांगत.

शाळेत ते इतिहास-भूगोल शिकवत. अकबराची सारी कारकीर्द एका तासात उरकायचे. पण फ्रेंचांच्या बादशहाला सेंट हेलेना बेटावर नेऊन ठेवलं की आठवडाभर त्याला तिथून हलू देत नसत. मराठ्यांना जंजिरा मिळाला नाही याचं साऱ्या महाराष्ट्राला दुःख. मावसाजींना मात्र आतून बरं वाटायचं. "चारी अंगानं पानी होतं ना बाप्पा! पान्यानं जपलं त्याले," असं ते हळूच म्हणत, आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून इकडंतिकडं पाहत. जहाज फुटून माणूस बेटाला लागल्याच्या कादंबऱ्या ते मिळतील तिथून आणायचे. पण गोष्टीत त्याला सोडवायला जहाज आलं की तिथंच पुस्तक मिटायचे. पुढचं त्यांनी कधी वाचलं नाही. मावशी या सगळ्याला 'भूगोल' म्हणायची. जेवताना मावसाजींचा घास हातातच राहिला, की ती माझ्याकडं पाहून म्हणे, "झाला सुरू यांचा भूगोल. वरण थंडं होते आता." मी तेव्हा दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो आणि त्यांच्याच घरी राहायचो, त्यामुळं थंड वरण माझ्याही वाट्याला पुष्कळ आलं.

एका वर्षी दिवाळीच्या सुमाराला बातमी आली, की अटलांटिक महासागरात पार दक्षिणेकडं असलेल्या ट्रिस्टन नावाच्या एकट्या बेटावर ज्वालामुखी जागा झाला आणि तिथल्या साऱ्या माणसांना जहाजात घालून विलायतेला नेलं. मावसाजींनी ती रेडिओवर ऐकली, घरी आले, टोपी काढली आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसले. जेवले नाहीत. गुरुजींच्या घरी काहीतरी झालं, हे गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे शिलाई मशीन दुरुस्त करणारे रहमानचाचा येऊन समोर बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कौन गुजर गया, गुरुजी?"

"गावच गेलं, चाचा. पुरं गाव."

"या अल्लाह! कौनसा गाव?"

"ट्रिस्टन."

चाचांनी विचार केला. "पुसद के आगे पडता क्या?"

"समुद्रात आहे."

चाचा हसले नाहीत. दुखवट्याला बसतात तसे बराच वेळ बसले. उठताना म्हणाले, "लोग तो बच गए ना? फिर रोते कायको? आदमी अपने घर लौटताच है." आणि खरंच, दोनेक वर्षांनी ती माणसं विलायतेतली सुखं टाकून आपल्या बेटावर परत गेली. त्या दिवशी मावसाजींनी गल्लीत पेढे वाटले. पहिला पेढा चाचांना.

जिल्हा परिषदा नव्यानं आल्या होत्या. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मावसाजींच्या वर्गात विचारलं, दिग्रसहून यवतमाळ कोणत्या दिशेला? ते कुणालाच माहीत नव्हतं. मग एका पोरानं धीर करून, ट्रिस्टनहून सगळ्यात जवळच्या वस्तीला जहाजानं किती दिवस लागतात, ते सांगितलं. महिन्याच्या आत बदलीचा हुकूम आला: वणीच्या पलीकडं, टेकड्यांमध्ये, कोलाम आदिवासींच्या एका पोडावर. पोड म्हणजे कोलामांची लहानशी वस्ती. ही दोन नाल्यांच्या बेचक्यात होती, आणि पावसाळ्यात दोन्ही नाले भरले की चार-चार दिवस तिथून कुणाला हलता येत नसे. शाळेतले मास्तर हळहळले. मावसाजींचा चेहरा नवरदेवासारखा झाला होता.

"मी नाही येत," मावशी म्हणाली. "तुमी जा तुमच्या बेटावर. मले शेजार लागते."

ते एकटे गेले. हिवाळ्यात मी भेटायला गेलो, तर बेट काही त्यांच्या मनातल्यासारखं निघालं नव्हतं. पोडातल्या माणसांचे सोयरे पार आदिलाबादपर्यंत पसरलेले. नाईकाचा, म्हणजे पोडाच्या प्रमुखाचा मुलगा राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला, तो दर आठवड्याला जगाच्या बातम्या घेऊन यायचा. सगळ्यांपासून तुटलेला असा तिथं एकच माणूस होता, आणि संध्याकाळी बोलायला कुणी भेटतं का म्हणून तो या दारातून त्या दारात फिरत होता. नाईकानं त्यांना माझ्यासमोरच विचारलं, "गुरुजी, तुमचे लोक तुमाले भेटाले काहून येत नाही?" मावसाजींनी माझ्याकडं बोट दाखवलं, "हा आला ना." पण ते काही खरं उत्तर नव्हतं. उन्हाळ्यात मावशीही पोडावर राहायला गेली. "पाह्यतो म्हटलं, काय दिवे लावून राह्यले," असं मला म्हणाली. पण जाताना लोणच्याची बरणी वर्षभराची घेतली.

नाल्यावर रपटा व्हावा, म्हणजे पाण्यावरून चालता येईल असा सिमेंटचा ठेंगणा पूल, असं पोडाच्या फार मनात होतं. अर्ज लिहून द्या म्हणून नाईक मावसाजींकडं येई आणि मावसाजी टाळत. "रपटा झाला का सावकार येईन, दारूवाला येईन. पानी आहे तवरक तुमी सुखी आहा."

"डाक्टर बी येईन ना, गुरुजी," नाईक म्हणायचा आणि उठून जायचा.

पोळ्याला मी गेलो तेव्हा दोन्ही नाले भरून वाहत होते. मी अलीकडच्या काठावर, पोड पलीकडं. समोर माणसं जमलेली, आणि त्यांच्यात बाजेवर कुणीतरी निजलेलं. मावसाजींचा आवाज पाण्यावरून तुटत-तुटत आला, "तुझी मावशी... ताप... बोलत नाही!" मी मागच्या गावात धावलो आणि एक बैलबंडी घेऊन आलो. तोवर पाणी छातीइतकं उतरलं होतं. नाईक आणि त्याच्या माणसांनी बाज डोक्यावर घेतली. ते मावसाजींना काठावरच थांबवत होते, हे मला दिसत होतं. मावसाजींनी टोपी खिशात घातली, डोळे मिटून तो त्यांचा आंघोळीचा श्वास घेतला आणि बाजेचा एक खूर धरून पाण्यात उतरले. मध्यावर त्यांचा पाय सुटला. नाईकानं एका हातानं बाज आणि दुसऱ्या हातानं त्यांची मान धरली. अलीकडं पोचल्यावरही त्यांची मूठ खुरावरून सुटेना. ती मीच सोडवली. "बाज त्यायनंच आणली. मी तं नुसता लटकून होतो," ते म्हणाले आणि रडायला लागले.

वणीच्या डॉक्टरांनी हिवताप सांगितला. थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असंही सांगितलं. मावशी शुद्धीवर आली तेव्हा मावसाजी उशाशी नव्हते. ते कचेरीत गेले होते, रपट्याचा अर्ज द्यायला. पुढं दोन वर्षं ते त्याच कामासाठी वणी आणि यवतमाळच्या वाऱ्या करत राहिले. साहेब लोक त्यांना पाहून मागच्या दारानं निघून जात, आणि मावसाजी मागच्या दाराशी उभे असत.

रपटा झाला. पलीकडपर्यंत गाडी जाऊ लागली. मग मावसाजींची दिग्रसला बदलीही झाली. पण वर्षातून एकदा ते पोडावर जाऊन येत. एकदा गेले ते दुसऱ्याच दिवशी परत आलेले पाहून मी विचारलं, "मावसाजी, मुक्काम नाही केला?"

त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले, ओसरीवर बसले. "पहिले पूर आला का नाईक म्हणे, 'गुरुजी, आता कुठी जाता, जेवा, झोपा.' आता जेवण झालं का लगेच सारे म्हणतात, 'चला गुरुजी, गाडी आली.'"

मावशीनं त्यांच्यासमोर ताट ठेवलं. त्या दिवशी ते काही न बोलता गरम-गरम जेवले.